हुकूम सुटण्याआधी आकडा तपासा



गळीत हंगाम सुरू झाला की गट कार्यालयात, काट्यावरच्या रांगेत आणि चहाच्या टपरीवर एक वाक्य वरचेवर कानी पडते : "कॉम्प्युटरने घोळ केला." कुणाच्या नोंदीत क्षेत्र कमी लागलेले असते, कुणाचा तोडणीचा नंबर महिनाभर मागे गेलेला असते, तर कुणाचे पंधरवड्याचे बिल त्याच नावाच्या दुसऱ्या सभासदाच्या खात्यावर पडलेले असते. समोरचा कारकूनही खांदे उडवून तेच सांगतो आणि विषय तिथेच मिटतो. हा विषय असा मिटू नये, म्हणून आजचा हा लेख.

आपण गड्याला सांगतो, "खालच्या वावरात पाणी सोड." गडी बांधावर जातो, तर तिथे गव्हाची सोंगणी चालू असते. तो पाणी सोडत नाही. माघारी येऊन विचारतो, "आण्णा, तिथं तर सोंगणी चालू हाय. पाणी कुठं सोडू?" यंत्र असे विचारायला येत नाही. त्याला जे सांगितले ते ते करते, आणि गड्याने चूळ भरायच्या आत करून मोकळे होते. म्हणून यंत्राला जो हुकूम द्यायचा, त्या हुकुमातच हे विचारणे आधी बसवून ठेवावे लागते. ज्याने हुकूम तयार केला त्याने ते बसवले की नाही, एवढाच काय तो प्रश्न असतो.

हुकूम म्हणजे नेमके काय, ते पाहू. कारखान्याच्या हिशेबाचे बरेचसे हुकूम बाजारातून आयते आलेले नसतात. आपल्या कामाप्रमाणे ते मुद्दाम करून घेतलेले असतात. उदाहरणार्थ, "ऊस बिल काढा" हा एक हुकूम धरा. तो देताना सोबत काही तपशील भरावा लागतो : कोणता पंधरवडा, कोणता गट, कोणत्या सभासद क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत आणि टनाला दर किती. संगणकवाले हुकुमाला कमांड आणि या तपशिलांना पॅरामीटर म्हणतात. नाव काहीही द्या, पण हुकूम यंत्राचा असला तरी तपशील माणसाच्या बोटातून आलेला असतो, आणि संध्याकाळी सहाला कंटाळलेले बोट कुठेही पडू शकते.

आता त्या चार तपशिलांतला एक मोकळाच राहिला तर? सभासद क्रमांकाचा रकाना कोरा ठेवून बटण दाबले, तर यंत्राने काय समजावे? हुकूम करणाऱ्याने विचार केलेला नसेल, तर पुष्कळदा कोऱ्याचा अर्थ "सगळे" असा घेतला जातो. एका सभासदाचे बिल रद्द करायला गेलेला माणूस सगळ्या गटाचे बिल रद्द करून बसतो. यात यंत्राने आज्ञाभंग केलेला नाही. उलट आज्ञा तंतोतंत पाळली आहे.

हे फक्त खेड्यापाड्यात घडते असे कुणी समजू नये. अमेरिकेतल्या ॲमेझॉन कंपनीची संगणक सेवा जगभरचे हजारो धंदे भाड्याने वापरतात. तिथे २८ फेब्रुवारी २०१७ रोजी बिलाच्या कामाशी संबंधित यंत्रणा मंद का चालली आहे, हे एक तंत्रज्ञ पाहत होता. थोडी यंत्रे बाजूला काढण्यासाठी त्याने ठरलेला हुकूम दिला, पण त्यातला एक तपशील चुकीचा पडला. थोड्याऐवजी पुष्कळ यंत्रे निघाली आणि सुमारे चार तास असंख्य कंपन्यांची कामे अडली. तो तंत्रज्ञ अधिकार असलेला होता, हुकूमही रोजच्या वापरातला होता. कंपनीने पुढे हुकूमच बदलला. यंत्रे आता सावकाश निघतील, आणि ठराविक संख्येच्या खाली जाण्याची वेळ आली तर हुकूम थांबेल, अशी सोय केली. माणसाला "यापुढे जपून लिही" एवढेच सांगून ते थांबले नाहीत, हे आम्हाला फार पटले. आपल्याकडे बहुधा उलट होते. पोराला तंबी मिळते आणि हुकूम होता तसाच राहतो.

तपासणी नेमकी कशाची करायची, हे आपल्या ऊस नोंदीवरून चांगले समजते. क्षेत्राचेच घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते, पण आपण बोलतो एकर आणि गुंठ्यात. दिंडोरीचा शेतकरी असो की निफाडचा, तो सांगणार "एक एकर वीस गुंठे", आणि चिठ्ठीवर ते "१.२०" असे लिहिले जाणार. आता हा आकडा यंत्रात गेला. ज्याने लिहिला त्याच्या मनात साठ गुंठे आहेत. यंत्राने तो दशांश एकर धरला, तर अठ्ठेचाळीस गुंठेच होतात, म्हणजे बारा गुंठे उभ्या उसासकट गायब. आणि रकाना हेक्टरचा असला, तर जवळजवळ एकशे एकोणीस गुंठे होतात. एकरी चाळीस टनांचा अंदाज धरला, तर शेतात साठ टन ऊस उभा असताना कागदावर एकीकडे अठ्ठेचाळीस टन आणि दुसरीकडे एकशे एकोणीस टन! आकडा एकच, आणि त्यात एकही अंक चुकलेला नाही.

यावर उपाय साधा आहे. एकरासाठी एक चौकट आणि गुंठ्यासाठी दुसरी, दशांश चिन्हाला जागाच नाही. गुंठ्याच्या चौकटीत चाळीस किंवा जास्त पडले, तर यंत्राने तिथेच अडावे, कारण चाळीस गुंठ्यांचा तर एकर होतो. आणि भरून झाल्यावर "एकूण साठ गुंठे, म्हणजे ६१ आर, बरोबर?" असे उलटून सांगावे. ते उलटून सांगणे फार मोलाचे आहे. शेतकऱ्याला दशांश कळो न कळो, "साठ गुंठे" हे शब्द कानावर पडले की चूक असेल तर तो लगेच हरकत घेतो.

दुसरे उदाहरण लागणीच्या तारखेचे. नोंदीत लागणीचा प्रकार "आडसाली" लिहिला आणि तारीख १० जानेवारी पडली, तर काय? आडसाली हा प्रकार खरा आहे. १० जानेवारी ही तारीखही दिनदर्शिकेत आहे. दोन्ही रकाने एकेकटे तपासले तर दोन्ही पास होतात. पण आडसाली लागण साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्टची, आणि जानेवारीतली लागण म्हणजे सुरू हंगामाची, हे आपल्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते. म्हणजे एकेका आकड्याची तपासणी पुरत नाही. दोन आकडे एकमेकांशी नांदतात का, हेही पाहावे लागते. खोडव्याच्या नोंदीत तर लागणीची तारीख विचारण्यात अर्थच नाही, तिथे मागच्या तोडणीची तारीख हवी. आणि हा काही कागदी शिस्तीचा प्रश्न नाही, कारण तोडणीचा नंबर या तारखेवरूनच लागतो. सोळा महिन्यांचा ऊस यंत्राने दहा महिन्यांचा समजला, तर तो एप्रिलपर्यंत उभा राहतो, तुरे येतात, वजन घटते आणि उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते ते वेगळेच.

काट्यावरच्या आकड्यांबद्दल फार लिहायला नको. भरलेल्या वाहनाच्या वजनापेक्षा रिकाम्याचे वजन जास्त असू शकत नाही, टायर बैलगाडीतून एकोणीस टन ऊस येऊ शकत नाही, आणि एकदा वापरलेला पावती क्रमांक पुन्हा चालू शकत नाही. एवढे तीन प्रश्न यंत्राने प्रत्येक खेपेला विचारले, तरी निम्मी भांडणे काट्यावरच मिटतील.

परंतु "अडवणे" आणि "विचारणे" यांत फरक करायला हवा, आणि इथे आमचे मत जरा ठाम आहे. रिकामे वाहन भरलेल्यापेक्षा जड आहे, हे अशक्य आहे, तिथे हुकूम थांबलाच पाहिजे. पण एकरी नव्वद टन ऊस निघाला, ही गोष्ट दुर्मिळ असली तरी अशक्य नाही. एकरी शंभर टनांच्या जिद्दीने राबणारे शेतकरी महाराष्ट्रात आहेत. त्यांचा आकडा यंत्राने सरळ फेकून दिला, तर उत्तम शेती करणाऱ्यालाच शिक्षा झाली म्हणायची. अशा ठिकाणी यंत्राने फक्त विचारावे, वरिष्ठाची मान्यता घ्यावी आणि पुढे जावे. उलट, क्षुल्लक गोष्टीलाही "खात्री आहे का?" "खरेच खात्री आहे का?" असे दिवसातून दोनशे वेळा विचारले, तर कारकून न वाचताच "होय" दाबायला शिकतो. मग खरी धोक्याची घंटा वाजते तेव्हा त्याचे बोट "होय" वर आधीच पोचलेले असते. लांडगा आला रे आला, दुसरे काय!

अडवायची हद्दच नसली तर काय होते, हे आपल्या मुंबईने ५ ऑक्टोबर २०१२ रोजी पाहिले. राष्ट्रीय शेअर बाजारात एका दलाल पेढीच्या कर्मचाऱ्याला निफ्टीतल्या शेअरची काही लाख रुपयांची विक्री करायची होती. रुपयांचा आकडा आणि नगांचा आकडा यांची गल्लत झाली. ५९ ऑर्डरी सुटल्या आणि ६५० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे शेअर बघता बघता विकले गेले. निर्देशांक सुमारे नऊशे अंकांनी कोसळला आणि बाजार पंधराएक मिनिटे बंद पडला. रुपयांच्या जागी नग, आपल्या भाषेत रुपयांच्या जागी टन. आकड्यात अक्षर घुसले नव्हते, रकाना कोरा नव्हता. "एवढी मोठी विक्री या माणसाच्या रोजच्या व्यवहाराशी जुळते का?" हा प्रश्न तेवढा वेळेवर कुणी विचारला नाही. त्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरात सेबीने नियम कडक केले. नेहमीच्या बाजारात एका ऑर्डरची रक्कम १० कोटींच्या वर असेल, तर ती बाजाराने घ्यायचीच नाही, असे ठरले.

ही विद्या तशी जुनीच आहे. आय.बी.एम. कंपनीचे एएस/४०० हे यंत्र १९८८ साली आले. त्यात कुणालाही आपल्या कामापुरता नवा हुकूम घडवता येई. प्रत्येक तपशील अंक आहे की अक्षर, किती लांबीचा, कोणत्या हद्दीतला, हे हुकुमाच्या व्याख्येतच लिहून ठेवता येई. शिवाय हुकुमाला एक स्वतंत्र तपासनीस प्रोग्राम जोडता येई. आधी तपासनीस धावणार आणि तो "ठीक" म्हणाला तरच मूळ काम सुरू होणार. तो "नाही" म्हणाला, तर का नाही हे पडद्यावर लिहून येणार. आपल्या काट्यावर ऊस गव्हाणीत टाकण्याआधी वजन होते, गव्हाणीत टाकल्यावर नव्हे. इथेही तोच क्रम आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्याला तर ही पद्धत नवी नाहीच. ज्या सभासदांकडे उसाबरोबर निर्यातीची द्राक्षबाग आहे, त्यांना ग्रेपनेट ठाऊक आहे. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडले आणि बागायतदारांना फटका बसला. पुढे २००६ साली अपेडाने ही व्यवस्था सुरू केली. बागेची नोंदणी, नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस, प्रमाणपत्र अशी ती साखळी आहे. नमुन्यात अंश मर्यादेबाहेर निघाला, तर त्या प्लॉटच्या मालाला पुढचा निर्यातीचा कागद मिळत नाही. कंटेनर रॉटरडॅमला पोचल्यावर तपासण्यापेक्षा पिंपळगावात अडलेला बरा, हे आपल्या बागायतदाराने पैसे मोजून शिकलेले आहे. उसाच्या बिलालाही हेच लागू करा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता मुद्दा पैशाचा, म्हणजे बँक खात्याचा. इथे मात्र जरा डोळे उघडे ठेवून वाचावे.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागते. पूर्वी बिल रोखीने किंवा सोसायटीमार्फत येई. वाटणारा माणूस तोंड ओळखत असे. आता खाते क्रमांक टाकला की रक्कम सरळ जाते. पण कुणाकडे जाते? रिझर्व्ह बँकेने १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकात स्पष्ट केले की अशा व्यवहारात रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा करता येईल आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. नाव जुळते की नाही, हे पाहण्याची सक्ती नाही. म्हणजे नाव तुमचे आणि क्रमांक भलत्याचा असेल, तर पैसे भलत्याला. पुढे रिझर्व्ह बँकेने एनईएफटी आणि आरटीजीएससाठी पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करण्यास बँकांना सांगितले. सोय उत्तम आहे, पण दाखवलेले नाव वाचणारे डोळे लागतातच.

काही क्रमांकांना स्वतःची राखण स्वतः करता येते. आधारचा बारा अंकी क्रमांक घ्या. त्याचा पहिला अंक शून्य किंवा एक नसतो, आणि शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. ही रीत वरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडली. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर यंत्राला तत्काळ कळते. बँकेचा आयएफएससी अकरा जागांचा असतो आणि त्याची पाचवी जागा नेहमी शून्याची. तिथे इंग्रजी ओ टाकणारे महाभाग कमी नाहीत, आणि त्यांना पकडणे अगदी सोपे. पण बँक खात्याच्या क्रमांकाला देशभर एकच अशी राखण नाही. लांबीसुद्धा बँकेगणिक वेगळी. तिथे एक अंक चुकला, तर चुकलेला क्रमांकही कुणाचा तरी खरा क्रमांक असू शकतो.

सभासद क्रमांकाला मात्र अशी राखण घालता येते, आणि ते घरी कागदावर करून पाहता येईल इतके सोपे आहे. समजा क्रमांक ४७२५ आहे. पहिल्या अंकाला पाचाने, दुसऱ्याला चाराने, तिसऱ्याला तिनाने आणि चौथ्याला दोनाने गुणा : वीस, अठ्ठावीस, सहा, दहा. बेरीज चौसष्ट. अकराने भाग जायला दोन कमी पडतात, म्हणून शेवटी २ लावा. क्रमांक झाला ४७२५२. आता कुणी घाईत ४७५२२ लिहिले, तर बेरीज होते सदुसष्ट अधिक दोन, म्हणजे एकोणसत्तर. अकराने भाग जात नाही, हुकूम अडला. ७४२५२ लिहिले तरी एकोणसत्तरच येतात. (कमी पडणारा आकडा दहा आला, तर तो क्रमांक कुणालाच द्यायचा नाही, म्हणजे झाले.) एका गावात एकाच नावाचे तीन-तीन सभासद असतात, आडनावही तेच, वडिलांचे नावही तेच. तिथे हा एक जादा अंक बिलाची वाट चुकू देणार नाही.

तपासणी कधी करायची, यावर सबंध राज्याने किंमत मोजलेली आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर झाली. शेतकऱ्यांनी अर्ज भरले, बँकांनी याद्या पाठवल्या, १८ ऑक्टोबरला प्रमाणपत्रेही वाटली गेली. त्यानंतर ताळमेळ बसेना. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे, खात्यांचा तपशील जुळत नाही, अशी प्रकरणे वर आली आणि वाटप रखडले. दिवाळीत मिळणार म्हणून ज्यांनी रब्बीचे गणित मांडले होते, त्यांचे हाल झाले. २०१९ च्या डिसेंबरात आलेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत क्रम बदलला. आधी यादी लागली, प्रत्येक कर्जखात्याला विशिष्ट क्रमांक मिळाला, शेतकऱ्याने तो घेऊन बँकेत किंवा आपले सरकार केंद्रात जायचे, अंगठा लावायचा, दाखवलेली रक्कम मान्य की अमान्य ते सांगायचे. मान्य झाल्यावर पैसे, अमान्य असेल तर जिल्हा समितीकडे तक्रार. त्याही योजनेत अंगठे न उमटणे, रांगा वगैरे त्रास होतेच. पण ज्याचा आकडा त्यालाच आधी दाखवायचा, ही रीत सरस होती यात शंका नाही.

कारण यंत्राची तपासणी कुठे संपते, ते नीट समजून घ्यायला हवे. आकडा योग्य लांबीचा आहे, हद्दीत आहे, नोंदवहीत सापडतो, दुसऱ्या आकड्याशी जुळतो, इतके यंत्र सांगू शकते. पण चांदोरीच्या सभासदाच्या जागी सायखेड्याच्या सभासदाचा पूर्णपणे बरोबर क्रमांक पडला, तर तो यंत्राच्या लेखी शंभर टक्के खरा. तिथे फक्त तुम्हीच सांगू शकता की हा मी नव्हे. यासाठी नोंदीची पावती हातात पडली की ती घडी घालून कोपरीत सारू नये. त्याच उभ्याउभ्या चार गोष्टी वाचाव्यात : क्षेत्र, लागणीचा प्रकार व तारीख, उसाची जात, आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक. वाचता येत नसेल त्याने सुनेकडून, नातवाकडून वाचून घ्याव्यात. पासबुकाची झेरॉक्स देताना पहिले पान स्पष्ट उठले आहे का पाहावे. तीन आणि आठ यांतला फरक अंधुक झेरॉक्सवर देवालाही कळत नाही. बँक बदलली, शाखेचे विलीनीकरण झाले, तर जुना आयएफएससी कारखान्याकडे तसाच पडून राहतो, तोही कळवावा.

आणि वार्षिक सभेला याल तेव्हा भाव, उतारा आणि तोडणी-वाहतूक खर्च हे नेहमीचे प्रश्न तर विचाराच. त्यांच्या जोडीला संगणक विभागासाठी तीन प्रश्न लिहून आणा. बिलाच्या हुकुमात सभासद क्रमांक कोरा सोडला तर काय होते? दराच्या रकान्यात एक शून्य जादा पडले तर हुकूम अडतो की नुसता विचारतो? आणि अडलेला हुकूम कुणाच्या सहीने पुढे जातो, त्याची नोंद कोणत्या वहीत होते?